इंजिन ऑइलचं झाकण: तपासायचं कसं, बदलायचं कधी

इंजिनाच्या अगदी माथ्यावर, टॅपेट कव्हरवर (इंजिनाचा वरचा भाग झाकणाऱ्या आवरणावर), तेलाच्या कॅनचं चित्र असलेलं एक झाकण असतं. ऑइल भरताना ते उघडायचं आणि भरून झालं की लावून टाकायचं, एवढाच बहुतेकांचा त्याच्याशी संबंध. प्रत्यक्षात त्याच्याकडे दोन कामं आहेत. खाली फिरणारा कॅमशाफ्ट आणि टायमिंग चेन जे ऑइल उडवत असतात ते बाहेर येऊ द्यायचं नाही, आणि बाहेरची हवा व धूळ आत जाऊ द्यायची नाही.

हवेचं काम नीट समजून घेतलं तर पुढची सगळी तपासणी सोपी जाते. सिलिंडरमध्ये इंधन जळतं तेव्हा थोडा वायू पिस्टन रिंगांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरतोच. नव्या इंजिनातही उतरतो. याला ब्लो-बाय म्हणतात. तो आतच साठला तर दाब वाढतो आणि जिथे सील कमजोर असेल तिथून ऑइल बाहेर ढकललं जातं. म्हणून पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्हच्या वाटेने हा वायू इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा येण्याच्या वाटेत, ओढून पुन्हा जाळला जातो. ही सगळी वाट बंदिस्त असावी लागते, आणि ऑइलचं झाकण हे त्या बंदिस्तपणाचं एक टोक आहे.

त्यामुळे झाकणाभोवती ऑइल दिसलं की दोन गोष्टी तपासायच्या: झाकणाचं सील गेलंय का, आणि आतला दाब वाढलाय का. झाकण बदलणं सोपं, म्हणून ते लगेच बदललं जातं आणि दाबाकडे कुणी बघत नाही. मग नवं झाकणही महिन्याभरात गळायला लागतं.

कोणत्या खुणा दिसतात

सर्वांत आधी दिसतो तो झाकणाच्या कडेचा ओलेपणा. त्यावर धूळ बसून काळं, चिकट वर्तुळ तयार होतं. गळती वाढली की टॅपेट कव्हरवरून ओघळ खाली उतरतो. तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या पाइपांवर) पडला तर गाडी थांबल्यावर जळक्या ऑइलचा वास येतो, कधी बॉनेटच्या फटीतून धूरही दिसतो. या वासाकडे दुर्लक्ष करू नका. तापलेल्या मॅनिफोल्डवर पडणारं ऑइल पेट घेऊ शकतं.

इंजिनाच्या चालण्यातही फरक पडतो, पण तो गाडीगणिक वेगळा. ज्या पेट्रोल गाड्यांत आत येणारी हवा एअरफ्लो सेन्सर मोजतो, त्यांत सैल झाकणातून न मोजलेली हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचं चालणं) खडबडीत होतं आणि चेक इंजिन लाइट लागू शकतो. स्कॅनरवर अशा वेळी बहुधा पी०१७१ किंवा पी०१७४ हा कोड दिसतो. ज्या गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजून हिशोब होतो, त्यांत तेवढा गोंधळ होत नाही. फार तर आयडलिंग थोडं चढतं. डिझेल गाडीत झाकण सैल असल्याचं चालण्यातून सहसा कळतच नाही, फक्त ऑइल उडालेलं दिसतं.

डॅशबोर्डवरचा लाल ऑइल लाइट मात्र वेगळी गोष्ट आहे. तो ऑइलचा दाब कमी झाल्याचं सांगतो. झाकण सैल असल्याने तो थेट लागत नाही, पण झाकणातून ऑइल उडून पातळी फार खाली गेली असेल तर लागू शकतो. तो लागला की गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा आणि मगच काय ते बघा.

उघडण्याआधी

गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर अर्धा तास तरी थांबा. चालून आलेल्या इंजिनातलं ऑइल ९० ते ११० अंशांच्या आसपास असतं आणि झाकणाच्या आतून लोंबणारा एक थेंबही चटका देतो.

झाकण तेच आहे याची खात्री करा. तेलाच्या कॅनचं चित्र, ‘ऑइल’ हा शब्द किंवा ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० असा ग्रेड वर लिहिलेला असतो. रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण चुकून गरम असताना उघडलं तर उकळतं कूलंट तोंडावर उडतं. ब्रेक फ्लुइडच्या टाकीत थोडंसं जरी इंजिन ऑइल गेलं तरी तिथली रबरं फुगतात आणि ब्रेकची जवळजवळ सगळी सिस्टीम खोलावी लागते. पॉवर स्टिअरिंगचं झाकणही जवळपासच असतं. घाईत चूक होते ती इथेच.

आता धागे न सुटणारं कोरडं फडकं घेऊन झाकण आणि भोवतालचा भाग नीट पुसा. ही पायरी गाळू नका. कडेला साठलेली वाळू झाकण फिरवताच आत पडते आणि ऑइलबरोबर फिरत कॅम व बेअरिंगपर्यंत जाऊ शकते. फिल्टर वाटेत असतो, पण वाळू मुळात आत जाऊच न देणं केव्हाही बरं.

झाकण काढणं

बहुतेक झाकणं घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की निघतात. काहींना पूर्ण आटे असतात, ती दीड-दोन फेऱ्यांत सुटतात. काहींना दोन किंवा तीन कान असतात, ती पाव फेरीत सुटतात आणि मग सरळ वर उचलायची. जुन्या काही इंजिनांत नुसतं दाबून बसवलेलं झाकण असतं, ते थोडं डोलवत वर ओढायचं. झाकणाला ब्रीदर पाइप जोडलेला असेल तर आधी त्याची क्लिप सोडवा. पाइप ओढून झाकण काढलं तर जुना, कडक झालेला पाइप तोंडाशी चिरतो.

काढलेलं झाकण बॅटरीवर किंवा बॉनेटच्या कडेवर ठेवू नका. ते तिथेच विसरतं. भरण्याच्या तोंडावर लगेच स्वच्छ फडकं पसरून ठेवा आणि झाकण खिशात किंवा ट्रेमध्ये ठेवा.

हाताने निघत नसेल तर रबरी हातमोजा घालून बघा, पकड बरीच सुधारते. तरीही हलत नसेल तर इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून, बंद करून, किंचित कोमट झाल्यावर प्रयत्न करा. शेवटचा उपाय म्हणजे ऑइल फिल्टर खोलायचा पट्ट्याचा पाना. पक्कड, हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर लांब ठेवा. वर्षानुवर्षं तापून ठिसूळ झालेलं प्लास्टिक फुटतं आणि तुकडा थेट आत पडतो. तुकडा पडलाच तर स्टार्टर मारू नका. प्लास्टिक चुंबकाला लागत नाही. तो दिसत असेल तर लांब चिमट्याने काढा, दिसत नसेल तर टॅपेट कव्हर खोलून शोधावा लागेल. चेनमध्ये अडकलेल्या तुकड्याने होणारं नुकसान त्या मजुरीपेक्षा कितीतरी मोठं असतं.

झाकणाच्या आतली बाजू काय सांगते

झाकण उलटं करून उजेडात धरा. ऑइलचा पातळ, मधाच्या किंवा तपकिरी रंगाचा थर असेल तर सगळं ठीक.

पांढरट-पिवळा, लोण्यासारखा फेस दिसला की अनेकांना हेड गॅस्केट (कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारं इंजिनातलं सील) गेल्याची धास्ती बसते. पुष्कळदा कारण साधं असतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं ब्लो-बायबरोबर खाली उतरतं. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच चालत असेल तर ऑइल पुरेसं तापत नाही. कूलंटचा काटा मधोमध आला तरी ऑइल मागेच असतं. त्यामुळे ही वाफ उडून जात नाही. इंजिनाच्या वरच्या भागात झाकण हीच सर्वांत थंड जागा, म्हणून ती तिथे गार होऊन ऑइलमध्ये घोटली जाते. थंडीच्या दिवसांत हे जास्त दिसतं.

दोन्हींतला फरक असा ओळखायचा. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढा. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल, कूलंटची पातळी स्थिर असेल, तर झाकण पुसा, गाडी एकदा मोकळ्या रस्त्यावर ३०-४० मिनिटं चालवा आणि आठवड्याने पुन्हा बघा. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल, गळती कुठेच न दिसता कूलंट कमी होत असेल, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर येत असेल किंवा कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर गाडी चालवू नका. पाणी मिसळलेल्या ऑइलमध्ये बेअरिंगला हवा तेवढा थर मिळत नाही आणि ती लवकर खाल्ली जातात.

काळा, घट्ट, नखाने खरवडावा लागणारा गाळ असेल तर ऑइल वेळेवर बदललं गेलेलं नाही किंवा पीसीव्हीची वाट तुंबली आहे. अशा वेळी तोंडातून टॉर्च मारून आत बघा, कॅमवर तोच थर दिसेल. चमकणारी धातूची कणी दिसली तर झाकणाचा विषय मागे ठेवा आणि इंजिन कुणा जाणत्याकडून तपासून घ्या.

सील

झाकणाच्या आतल्या खाचेत रबरी रिंग असते. कुठे गोल छेदाची ओ-रिंग, कुठे चपटा वॉशर. गळतीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

नखाने दाबून बघा. चांगलं रबर दबतं आणि लगेच वर येतं. खड्डा तसाच राहिला, किंवा नख रुतलंच नाही, तर रबर संपलंय. ओ-रिंगचा वरचा भाग घासून सपाट झालेला दिसेल, तिची गोलाई गेली की ती बैठकीवर दाब देऊ शकत नाही. रिंग हलकेच वाकवा. बाहेरच्या वळणावर बारीक चिरा उघडल्या तर तीही गेली. रिंग खाचेपेक्षा मोठी होऊन बाहेर येत असेल, तर ती चुकीच्या रबराची आहे.

हा रबराचा मुद्दा महत्त्वाचा आहे. नायट्राइल रबर ऑइलला टिकतं, पण १०० ते १२० अंशांवर सतत राहिलं की हळूहळू कडक होतं. फ्लोरोकार्बन रबर सुमारे २०० अंश सहन करतं, म्हणून टर्बो इंजिनांसाठी ते चांगलं. नळाच्या किंवा कूलंटच्या कामात वापरली जाणारी ईपीडीएम रबराची रिंग मात्र मिनरल ऑइलमध्ये फुगते. माप तंतोतंत जुळलं तरी ती इथे टिकणार नाही. डब्यात सापडलेली कुठलीही काळी रिंग बसवू नका.

सील वेगळं मिळत असेल आणि झाकण धड असेल तर नुसतं सील बदललं तरी चालतं. जुनी रिंग प्लास्टिकच्या किंवा लाकडी टोकदार काडीने काढा. लोखंडी टोकाने खाचेवर ओरखडा पडला की तिथून गळती सुरू होते. खाच पुसा, नव्या रिंगवर बोटाने ताज्या इंजिन ऑइलचा पातळ हात फिरवा आणि पीळ न पडू देता बसवा. ग्रीस, सिलिकॉन सीलंट, टेफ्लॉन टेप यांपैकी काहीच लावू नका. सीलंटचे तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, आणि तिथे अडथळा आला की दाबच पडतो.

आतला दाब बघणं

नवं झाकण आणण्याआधी हे करा. सैल कपडे, लांब केस आणि हात बेल्टपासून दूर ठेवा. इंजिन सुरू करून आयडलवर ठेवा, झाकण फिरवून सोडवा आणि उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. पूर्ण बाजूला काढू नका, कारण काही इंजिनांत तोंडाच्या अगदी खाली चेन असते आणि ऑइलचे फवारे अंगावर येतात. आत बोट घालण्याचा प्रश्नच नाही.

साध्या पेट्रोल इंजिनात झाकण जागीच राहील, हलकी ओढ जाणवेल किंवा थोडंसं थरथरेल. डिझेलमध्ये थोडी धडधड स्वाभाविक आहे. झाकण उडून पडत असेल, किंवा तोंडातून भकाभका धूर येत असेल, तर एकतर पीसीव्हीची वाट तुंबली आहे, नाहीतर पिस्टन रिंगा झिजून ब्लो-बाय वाढला आहे. आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि त्याचे पाइप तपासा, ते सोपं आहे. पुष्कळ गाड्यांत व्हॉल्व्ह काढून हलवला की आत खुळखुळ वाजतो. वाजला नाही तर तो चिकटलाय. मात्र पडदा असलेल्या प्रकाराला ही कसोटी लागू नाही.

उलटी परिस्थितीही असते. चालू इंजिनावर झाकण इतकं ओढलं जातं की उचलणं जड जातं, आणि टॅपेट कव्हरजवळून शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. तिथे पीसीव्हीचा रबरी पडदा फाटलेला असतो. काही गाड्यांत तो टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला असल्याने कव्हरसकट बदलावा लागतो. यात ऑइलचं झाकण बदलून काहीही साधत नाही.

नवं झाकण निवडताना

पार्ट नंबर चासी नंबरवरून काढा. मॉडेल तेच असलं तरी पेट्रोल आणि डिझेल, किंवा आधीची आणि नंतरची इंजिनं यांची झाकणं वेगळी असू शकतात. जुनं झाकण बरोबर न्या आणि शेजारी धरून बघा: आट्यांचा व्यास व अंतर, कानांची संख्या व जाडी, सीलची जागा. कानांच्या जाडीत थोडा फरक असला तरी झाकण ‘बसतं’, पण सीलवर दाब येत नाही. हातात बरोबर वाटणारं झाकण रस्त्यावर गळतं ते यामुळे.

१९६० च्या दशकाआधीच्या इंजिनांत पीसीव्ही नसायचा, तिथे श्वास घेणारं, जाळीचं झाकण असायचं. अशा इंजिनाला बंद झाकण लावलं तर दाब साठून सीलं गळतात. आजच्या बंदिस्त इंजिनाला जाळीचं लावलं तर न मोजलेली हवा शिरते. जसं होतं तसंच घ्या.

शोभेची ॲल्युमिनियमची झाकणं घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. धातूचे आटे प्लास्टिकच्या तोंडाचे आटे खातात, आणि मग पूर्ण टॅपेट कव्हर बदलायची पाळी येते. शिवाय ती तापतातही जास्त. आणखी एक बारीक गोष्ट: नव्या झाकणावर छापलेला ग्रेड तुमच्या इंजिनाचाच आहे का ते बघा. पुढच्या वेळी ऑइल भरणारा तोच वाचून भरेल.

बसवणं

तोंडाची बैठक पुसा आणि बोट फिरवून खाच, तडा किंवा चिकटलेलं जुनं रबर आहे का बघा. सीलवर ऑइलचा हात फिरवा. आट्यांचं झाकण आधी उलट दिशेने पाव फेरी फिरवा, आटे जागेवर ‘टक’ करून बसले की मग सुलट आवळा. असं केलं की आटे तिरपे चढत नाहीत. फक्त हाताने आवळायचं. कानांचं झाकण अडेपर्यंत किंवा क्लिक येईपर्यंत फिरवा. बाणाची खूण असेल तर ती जुळली पाहिजे. त्यापुढे जोर लावला तर सील चेपतं आणि पुढच्या वेळी झाकण निघत नाही.

आता भोवतालचं सगळं ऑइल पुसून काढा, नाहीतर जुना ओलेपणा नव्या गळतीसारखा दिसेल. डिपस्टिक बघा. किमान आणि कमाल या दोन खुणांमधलं अंतर बऱ्याच गाड्यांत सुमारे एक लिटरचं असतं, तेव्हा पातळी मधोमध असेल तर अर्ध्या लिटरहून जास्त ओतू नका. कमाल खुणेच्या वर गेलं तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून फेस करतो. इंजिन दहा मिनिटं आयडलवर चालवा, मग अर्धा तास गाडी फिरवून आणा, थंड होऊ द्या आणि झाकणाच्या कडेने पांढरा कागदी रुमाल फिरवा. कोरडा निघाला तर काम झालं. चेक इंजिनचा कोड आला होता तो स्कॅनरने पुसा आणि पुढच्या काही दिवसांत परत येतो का ते पाहा. त्यानंतर दर ऑइल बदलीला सील एकदा नखाने दाबून बघत जा.

झाकण हरवलं तर

आधी इंजिन बंद ठेवून शोधा. पुष्कळदा ते इंजिनाच्या खालच्या पत्र्यावर, बॅटरीच्या मागे किंवा बॉनेटच्या खोबणीत पडलेलं असतं. न शोधता इंजिन सुरू केलं आणि ते बेल्टमध्ये गेलं तर बेल्ट तुटेल. सापडलं नाही तर गाडी टो करून न्या, किंवा कुणाला तरी झाकण आणायला पाठवा. तोंडात फडकं कोंबून गाडी चालवू नका. फडकं आत ओढलं जाऊन कॅममध्ये गुंडाळलं जातं, आणि ऑइलने भिजल्यावर मॅनिफोल्डजवळ ते पेटू शकतं. झाकणाशिवाय बरंच अंतर गाडी आधीच चाललेली असेल तर डिपस्टिक बघितल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका. धुळीच्या रस्त्यावर चालली असेल तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.

नवं झाकणही गळत असेल तर

टॅपेट कव्हर डीग्रीझरने स्वच्छ करा, कोरडं करा, झाकणाभोवती आणि कव्हरच्या कडेने टाल्कम पावडर भुरभुरवा आणि इंजिन पंधरा मिनिटं चालवा. पावडर पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून थर पातळच ठेवा. ऑइल जिथून निघतं तिथे पावडरवर गडद रेघ उमटते. ती झाकणाच्या कडेला असेल तर बैठक किंवा तोंड खराब आहे. प्लास्टिकच्या कव्हरवर तोंडाच्या मुळाशी केसासारखा तडा असतो, तो झाकण काढून टॉर्चच्या तिरप्या उजेडात दिसतो. त्याला चिकटवून उपयोग नाही, कव्हर बदलावं लागतं. रेघ कव्हरच्या खालच्या कडेला असेल तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट गळतंय. आणि एकाच वेळी झाकण, डिपस्टिकचं तोंड आणि गॅस्केट अशा तीन-चार जागांहून ओल दिसत असेल, तर आणखी एकही सील विकत घेऊ नका. पीसीव्हीकडे परत या, पाइप सोडवून फुंकून बघा, आणि ती वाट मोकळी झाल्यावरच बाकीच्या गळत्या मोजा.